मतभेदाकडून संवादाकडे

राजकीय ध्रुवीकरण म्हणजे केवळ मतांमधील अंतर नव्हे. विरुद्ध मताच्या माणसाविषयी वाटणारा तिरस्कार हा त्याचा अधिक घातक भाग होय. आपल्या अपत्याने विरोधी पक्षाच्या समर्थकाशी विवाह केल्यास वाईट वाटेल, असे म्हणणारे अमेरिकेत १९६० साली जेमतेम ५ टक्के होते. २०१० साली हे प्रमाण रिपब्लिकनांमध्ये सुमारे निम्म्यावर, तर डेमोक्रॅटांमध्ये एकतृतीयांशावर गेले. शांतो अय्यंगार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली या बदलाकडे लक्ष वेधले.

विद्यापीठांनाही याची झळ बसली. १ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्कले येथे उजव्या विचारांचे वक्ते मायलो यानोपोलोस यांचे भाषण हिंसक निदर्शनांमुळे रद्द करावे लागले. १० सप्टेंबर २०२५ रोजी युटा व्हॅली विद्यापीठाच्या आवारात जाहीर प्रश्नोत्तरे सुरू असताना चार्ली कर्क यांची गोळी झाडून हत्या झाली.

यावरील एक उपाय ओहायो राज्यातील एका गावात आकारास आला. डिसेंबर २०१६ मध्ये साउथ लेबनॉन येथे ट्रम्प आणि क्लिंटन यांचे समर्थक जवळपास समसमान संख्येने एकत्र बसले. बैठकीची आखणी करणारे बिल डोहर्टी हे कौटुंबिक समुपदेशक. दुरावलेल्या पतिपत्नींना बोलते करण्याची पद्धत त्यांनी येथे वापरली. त्यातूनच 'ब्रेव्हर एंजल्स' ही चळवळ उभी राहिली आणि पुढे महाविद्यालयांत पोहोचली.

तेथील वादसभेत एक वक्ता ठरावाच्या बाजूने बोलतो, तर पुढचा विरोधात. प्रश्न वक्त्याला थेट न विचारता अध्यक्षांना उद्देशून विचारायचे असतात. त्यामुळे रोख व्यक्तीवर न राहता मुद्द्यावर राहतो. अखेरीस हारजीत जाहीर होत नाही. साहजिकच प्रतिपक्षाला नामोहरम करण्याचे प्रयोजन उरत नाही.

निव्वळ सहवासाने पूर्वग्रह विरत नाहीत, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच मांडले होते. समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थेचे पाठबळ या अटी त्यांनी घातल्या होत्या. वरील नियमांमागे हेच सूत्र दिसते.

या उपायाला मर्यादाही आहेत. अशा सभांना बहुधा ऐकून घेण्याची तयारी असलेलेच येतात. शिवाय संवादाने अन्याय दूर होत नाही, की मतेही सहसा बदलत नाहीत. बदलतो तो प्रतिपक्षाकडे पाहण्याचा दृष्टिकोन. मतभेद राहूनही मनभेद टळावा, एवढीच या प्रयत्नांची अपेक्षा आहे. आणि लोकशाहीच्या दृष्टीने ती लहान नाही.