चष्म्याचं कोटिंग उन्हात का तडकतं?

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा सहज ४० अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तर तो ६० अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. अशा गाडीत डॅशबोर्डवर चष्मा राहिला, तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटू शकतात. अनेकांना ते ओरखडे वाटतात. प्रत्यक्षात लेन्सवरचं कोटिंग तडकलेलं असतं.

हे कोटिंग म्हणजे काय?

चष्म्याची ‘काच’ आता बहुतेक वेळा प्लॅस्टिकची असते. तिच्यावर आधी ओरखडे रोखणारा ‘हार्ड कोट’ देतात. त्यावर प्रकाशाची चमक कमी करणारे सिलिकॉन डायऑक्साइड, झिर्कोनियम ऑक्साइड अशा पदार्थांचे पातळ थर असतात. चष्म्याच्या दुकानात यालाच ‘एआरसी’ म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण अर्धा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी जाडीचे, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागापेक्षा पातळ असतात.

गोंद नसताना ते चिकटतं कसं?

निर्वात कक्षात या पदार्थांची वाफ करून ती लेन्सवर बसवतात. खरी काच असेल तर ती ३०० अंशांपर्यंत तापवता येते आणि उष्णतेमुळे थर घट्ट बसतो. प्लॅस्टिक एवढं तापवलं तर बिघडेल. म्हणून उष्णतेचं काम प्लाझ्मावर सोपवतात. प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू. पेटलेल्या ट्यूबलाइटमध्येही तोच असतो. त्यातले आयन आधी पृष्ठभाग स्वच्छ करतात आणि थर धरून ठेवतील असे रासायनिक गट तिथे तयार करतात. नंतर बसत्या थरावर आदळून तो दाट करतात. पण हा मारा जास्त झाला, तर पृष्ठभागच कमकुवत होतो आणि थर त्याच्यासकट सुटतो.

मग उन्हात काय बिघडतं?

तापल्यावर लेन्सचं प्लॅस्टिक सिलिकॉन डायऑक्साइडच्या तुलनेत शंभरपटीहून अधिक प्रसरण पावतं. खालचं प्लॅस्टिक पसरतं, वरच्या थराला तेवढं ताणता येत नाही आणि तो तडकतो. भेगांतून घाम-पाणी आत शिरलं, की पापुद्रे निघू लागतात.

पकड कशी तपासतात?

कोटिंगवर उभ्या-आडव्या चिरा पाडून चौकोनांची जाळी करतात. त्यावर चिकटपट्टी दाबून ती ओढून काढतात. ‘एएसटीएम डी ३३५९’ या मानकानुसार काहीच निघालं नाही तर ‘५बी’, ६५ टक्क्यांहून अधिक भाग निघाला तर ‘०बी’. मात्र चिकटपट्टीला पुरून उरलेलं कोटिंग उन्हातही टिकेलच असं नाही. त्यासाठी गरम-थंड तापमानाची चाचणी वेगळी घ्यावी लागते.

काय काळजी घ्याल?

चष्मा डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. गरम पाण्याने धुऊ नका, साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो. एकदा तडकलेलं कोटिंग पुसून किंवा पॉलिश करून सांधता येत नाही. बहुतेक वेळा लेन्सच बदलावी लागते.