सिद्धगडचा वकील आणि चेचा टी-शर्ट

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच मेसेज आला, "दादा, चे गव्हेरावर एक भाग कर ना." करतो. पण आधी एक कबुली. इंजिनिअरिंगला असताना चेचा टी-शर्ट मीही घातलाय. तोच घालून एकदा मुरबाडला मामाकडे गेलो. मामाने विचारलं, "हा कोण रे दाढीवाला?" मी ऐटीत सांगितलं, "डॉक्टर होता. सगळं सोडून गरिबांसाठी जंगलात गेला, बंदूक घेतली, शेवटी मारला गेला." मामा म्हणाला, "म्हणजे आपल्या भाई कोतवालांसारखा."

मी विचारलं, "कोण कोतवाल?"

मामा काही बोलला नाही. नुसतं बघत राहिला. वाशिंदला वाढलेला, आजोळ मुरबाडचं, आणि सिद्धगडावर कोण लढलं हे मला माहीत नव्हतं. म्हणून आजचा भाग.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान. घर नाभिक समाजातलं, साधं. त्या काळात त्या घरातला मुलगा शिकून वकील झाला, म्हणजे आयुष्याची गाडी रुळावर आली होती. पण भाईंचं लक्ष कोर्टापेक्षा डोंगराखालच्या कर्जतच्या शेतकऱ्याकडे जास्त होतं. तिथलं गणित आपल्या शहापूर-मुरबाडसारखंच. भात पिकायचं एकदाच. पावसाळा आला की घरातलं धान्य संपायचं. मग सावकाराच्या दारात जायचं, धान्य उचलायचं आणि पीक आलं की वाढीसकट परत करायचं. म्हणजे पिकवलेलं पुन्हा त्याच्याच कोठारात. पुढच्या पावसाळ्यात परत तेच. एकदम इन्फिनिट लूप.

भाईंनी काय केलं? धान्यकोठी काढली. सुगीला सगळ्यांनी थोडं थोडं धान्य जमा करायचं आणि अडचणीच्या दिवसांत तिथूनच घ्यायचं. सोबत गावोगाव शाळा सुरू केल्या. हे सगळं १९४२ च्या आधी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

८ ऑगस्ट १९४२. गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मोठे नेते तुरुंगात. आता पुढे काय करायचं हे सांगायला वर कोणी उरलंच नाही. भाई भूमिगत झाले आणि कर्जत-मुरबाडच्या पट्ट्यातली पोरं जमवून त्यांनी आझाद दस्ता उभा केला.

या दस्त्याने निशाणा कशावर धरला, ते बघा. खोपोली, भिवपुरी, भिरा इथल्या पाण्यावर वीज तयार होत होती. ती उंच मनोऱ्यांवरच्या तारांमधून मुंबईला जायची. त्या विजेवर गिरण्या चालायच्या, रेल्वे चालायची. गिरण्यांचा माल युद्धाला जायचा. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर मुंबईचा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आपल्या जंगलात उभा होता. दस्त्यातल्या माणसांनी रात्री जाऊन हॅक्सॉने त्या मनोऱ्यांचे पोलादी पाय कापले. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात लहानमोठे ११ मनोरे पाडले. निशाणा माणसं नव्हती, मनोरे होते.

आता सरकार हात धुऊन मागे लागलं. बक्षीस लावलं, गावं पिंजून काढली. दस्ता डोंगर बदलत बदलत मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात आला. पोलिसांना सुगावा लागला. २ जानेवारी १९४३ ला पहाटे हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने दस्त्याला गाठलं. गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे तरुण साथीदार हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई जेमतेम ३० वर्षांचे होते. माझ्यापेक्षा थोडेच मोठे.

त्या दिवशी अर्जेंटिनातला चे गव्हेरा १४ वर्षांचा होता.

आता तुम्ही म्हणाल, थांब, चे मार्क्सवादी होता. कोतवाल होते का? नव्हते, ते काँग्रेसचे कार्यकर्ते होते. टी-शर्टवर छापायचं म्हणून उगाच कुणाला लाल रंग लावायचा नाही. उलट इथेच खरी गंमत आहे. १९४२ मध्ये आपल्या जिल्ह्यातले मार्क्सवादी बंदूक घेऊन जंगलात नव्हते. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि कम्युनिस्ट पक्षाने या युद्धाला 'लोकयुद्ध' म्हटलं. त्यामुळे 'चले जाव'पासून पक्ष बाजूला राहिला. त्याचा राग लोकांच्या मनात पुढे कितीतरी वर्षं होता.

पण गोष्ट तिथेही संपत नाही. वाशिंदहून लोकल पकडली की खडवली आणि मग टिटवाळा. आपण गणपतीला जातो तेच. जानेवारी १९४५ मध्ये या टिटवाळ्यात किसान सभेचं अधिवेशन झालं. उंबरगावकडचे काही वारली आदिवासी तिथे आले आणि त्यांनी वेठबिगारीची हकीकत सांगितली. ती ऐकून गोदावरी परुळेकर त्यांच्या पाड्यांवर गेल्या. त्याही वकिलीच शिकलेल्या बरं का. २३ मे १९४५ ला झरी गावात सभा झाली आणि वारल्यांनी ठरवलं, यापुढे फुकट राबायचं नाही. मग मजुरीचा लढा आला. मागणी किती होती? ५०० पौंड गवत कापायचे अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यात जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. पण वेठ मोडली ती मोडलीच. हे सगळं गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलंय.

आता चेकडे येऊ. क्युबात जिंकलेला हा माणूस बोलिव्हियात का हरला? कारणं बरीच आहेत, पण एक तो स्वतःच डायरीत पुन्हा पुन्हा लिहितो: शेतकरी आपल्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी तो बाहेरून आलेला बंदूकवाला होता. ९ ऑक्टोबर १९६७ ला, पकडल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, त्याला मारलं. वय ३९.

आणि म्हणून मला धान्यकोठी महत्त्वाची वाटते. भाई जंगलात गेले तेव्हा लोक त्यांना आधीपासून ओळखत होते, 'आपल्या घरात दाणा राहावा म्हणून धडपडणारा माणूस' म्हणून. हॅक्सॉ नंतर आला, कोठी आधी होती. गोदावरीबाईंचंही तेच. आधी पाड्यावर मुक्काम, मग लढा. आपण मात्र फोटो छापतो तो बंदुकीचा. कोठीचा फोटो कोण छापणार?

तुम्ही म्हणाल, ८० वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं आज काय? तेव्हा वीज आपल्या डोक्यावरून मुंबईला जायची आणि खाली पाड्यात काळोख असायचा. आज भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं आपल्या शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. नाही, मी कुणाला पाइप कापायला सांगत नाहीये. आज मतदान आहे, ग्रामसभा आहे, कोर्ट आहे, माहितीचा अधिकार आहे. कोतवालांच्या वेळी सरकारच परकं होतं. पण प्रश्न तोच आहे: ज्याच्या जमिनीवरून जातं, त्याला काय मिळतं? आणि हा प्रश्न विचारण्याआधी मी माझ्या गावातल्या एका तरी कोठीला हातभार लावलाय का? माझं उत्तर आजच्या घडीला "नाही" असं आहे. म्हणून हा भाग करताना थोडं टोचत होतं.

दादरला प्लाझा थिएटरसमोर वीर कोतवाल उद्यान आहे. कसारा लोकलने रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना माहीत असेल की तो वीर आपल्या सिद्धगडावर पडला? मलाही नव्हतं. दरवर्षी २ जानेवारीला पहाटे लोक तिथल्या स्मारकाजवळ जमतात. मामा मला घेऊन गेला होता. कडाक्याची थंडी, हातात बॅटऱ्या, म्हातारी माणसं काठी टेकत आलेली आणि शाळेची पोरं अर्धवट झोपेत. अजून नीट उजाडलं नव्हतं. त्या दिवशी मी टी-शर्ट घातला नव्हता, स्वेटर होता. मामाने विचारलं, "आता कळलं कोण ते?" मी मान हलवली.

यंदा जमलं तर तुम्हीही या. आणि तुमच्या गावात अशी एखादी कोठी, शाळा, विहीर कुणी उभी केली असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. चेचा भाग पुढच्या वेळी, नक्की. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूया!