पहिल्या दिवसाची हजेरी

इ.स. १५४७ मधली, काबूल शहरातली गोष्ट. बादशहा हुमायूनने आपल्या मुलाला शिक्षणासाठी गुरूच्या स्वाधीन करावयाचे ठरविले आणि ज्योतिष्यांकडून मुहूर्त काढून घेतला. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले म्हणजे त्याला पहिला धडा द्यावयाचा, हा रिवाज. मुल्लासाहेब आले, मंडळी जमली, नेमकी घटका भरली; आणि ज्याच्यासाठी एवढा थाट, तो विद्यार्थीच जागेवर नाही! खेळायला म्हणून जो निसटला तो शोधूनही सापडेना. अबुल फजलने 'अकबरनाम्या'त ही हकीकत मोठ्या अदबीने लिहिली आहे आणि मुलाच्या पळून जाण्यातही त्याला थोरपणाची खूण दिसली आहे. दरबारी इतिहासकाराला तसे लिहावेच लागते. आपण पालक मंडळींनी मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात असे अनेक अकबर घराघरांतून पाहिलेले आहेत.

'बिस्मिल्ला'चा हा विधी आपल्या दख्खनमध्येही घरोघर चालत आला. मुलाला नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, समोर तख्ती, आणि वडीलधाऱ्याने किंवा उस्तादांनी म्हटलेले शब्द मुलाने मागून म्हणावयाचे. नंतर मिठाई. या मिठाईकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. माझ्या मते विधीचा अर्धा अर्थ तिच्यातच आहे. ती एकट्या मुलाला मिळत नसे, मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांना वाटली जाई. ज्यांच्याबरोबर उद्यापासून बसावयाचे त्यांचे तोंड आज गोड करावयाचे. शेजारच्या हिंदू घरांतून पाटीपूजन व्हावयाचे, तेथेही पंतोजींच्या शाळेतील मुलांना काहीतरी खाऊ ठरलेला असे.

मराठी भाषेने या दिवसाची आठवण फार प्रामाणिकपणे जपली आहे. एखाद्या कामाला आरंभ केला म्हणजे आपण त्याचा 'श्रीगणेशा' केला म्हणतो, 'ओनामा' केला म्हणतो, आणि 'बिस्मिल्ला' केला असेही म्हणतो. ओनामा हा शब्द 'ॐ नमः सिद्धम्' या जुन्या पाठातून आलेला. तिन्ही शब्द मूळचे शाळेच्या पहिल्या दिवसाचे. तीन परंपरांची मुले एकाच भाषेच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेली आहेत.

परंतु हे झाले पहिल्या उंबरठ्याचे. शाळेला आणखी एक उंबरठा असतो, तो दहा-अकरा वर्षांच्या वयात ओलांडावा लागतो. प्राथमिक शाळा सुटते, मोठी शाळा लागते. त्या दिवशी ना हार असतो ना मिठाई. मूल आता मोठे झाले, त्याचे काय कौतुक करावयाचे, असे आपण समजतो. माझा या लेखातील सगळा रोख या दुसऱ्या उंबरठ्यावर आहे.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात शाळांच्या पायऱ्यांना तीन सुंदर नावे होती : तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया. तहत म्हणजे खाली, वस्त म्हणजे मध्य, फौक म्हणजे वर. आपण ज्याला माध्यमिकच्या अलीकडची शाळा म्हणतो ती वस्तानिया, मधली. तहतानियात मराठी मुलाला मराठीतून अक्षरओळख होऊ शकत असे. वर चढावयाचे तर उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उर्दू ही उच्च शिक्षणाची भाषा ठरली. एका देशी भाषेतून वैद्यक आणि गणित शिकविण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मान्य करावयास हवे. पण जिंतूर किंवा गंगाखेडकडील एखाद्या खेड्यातून, घरी मराठी बोलणारा मुलगा वस्तानियाच्या वर्गात पहिल्या दिवशी येऊन बसला, तर त्याला समोरचे किती कळत असेल? उस्ताद जे विचारतील त्याचे उत्तर त्याला येत असेलही. पण प्रश्नच उमगला नाही तर उत्तर घशात राहावयाचे. मास्तरांनी त्याची गणना मुक्यांत करावी आणि त्याने शेवटच्या ओळीत जाऊन बसावे, असे कितीतरी वेळा घडले असणार.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. प्रादेशिक भाषांना शाळेत त्यांची जागा मिळाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. मराठी मुलाचा प्रश्न सुटला आणि ते न्याय्यच झाले. मात्र शेवटच्या ओळीतली ती जागा रिकामी राहिली नाही. आता तेथे उर्दू प्राथमिक शाळेतून आलेला मुलगा येऊन बसला. गावात उर्दू शाळा चौथीपर्यंत किंवा फार तर सातवीपर्यंत. पुढे तालुक्याची मराठी शाळा, नाहीतर घर. जागा तीच, शांतताही तीच, फक्त मूल बदलले.

त्या जागेवर मी स्वतः बसलेलो आहे. १९७० च्या सुमारास चौथी उर्दूतून करून मी पाचवीला एका मराठी शाळेत गेलो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या काळी बहुतेक शाळांतून तसेच चाले. सरांनी हजेरी घेण्यास सुरुवात केली. मराठी हजेरीपटात आडनाव आधी येते हे मला ठाऊक नव्हते. सरांनी 'शेख' एवढे म्हणताच आम्ही तिघे एकदम उभे राहिलो. वर्ग हसला. मग माझे पूर्ण नाव आले आणि मी सवयीप्रमाणे मोठ्याने म्हणालो, "हाजिर जनाब!" त्यावर जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. सर वाईट नव्हते, तेही थोडे हसले आणि पुढच्या नावाकडे वळले. दिवाळीपर्यंत मी वर्गात आपण होऊन एक शब्द उच्चारला नाही. माझ्याबरोबरच्या दोन शेखांपैकी एकाने पोळ्यानंतर शाळाच सोडली. त्याला केवळ हसण्यामुळे शाळा नकोशी झाली असे मी म्हणणार नाही, घरचीही ओढाताण होती. पण त्याला थांबवून धरील असे शाळेत काही नव्हते हेही खरे.

गंमत अशी की, जी मुले हसली तीही उत्तर देताना 'हजर' म्हणत होती, आणि हजर हा शब्द अरबी 'हाजिर'चाच मराठी अवतार आहे. हजेरी तीच. दप्तर फारसी, शाई फारसीतल्या 'सियाही'वरून, दौत अरबी. हे मला पुढे शिक्षक झाल्यावर कळले. त्या दिवशी सरांनी फळ्यावर एवढे चार शब्द लिहिले असते तर!

पहिल्या दिवसाचा विचार करणारे शिक्षक आपल्या देशात झालेच नाहीत असे नाही. भावनगरचे गिजुभाई बधेका मूळचे वकील. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकात एक प्रयोगशील शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो मुलांना शांतीचा खेळ शिकवावयास जातो आणि सपशेल फसतो. मुले ओरडतात, टाळ्या पिटतात, आणि शेवटी त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो शहाणा होतो, येतो आणि सरळ गोष्ट सांगू लागतो; वर्ग आपोआप शांत! पुस्तक कल्पित आहे, पण लिहिणारा वर्गात उभा राहिलेला होता हे पानापानांवर कळते. शिक्षणावरील बहुतेक पुस्तकांतून लेखकाचे सगळे प्रयोग यशस्वी होतात, म्हणून मला हे पुस्तक अधिक विश्वासाचे वाटते. या गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या. मुले शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. इकडे खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढीत.

आणखी एक प्रसंग आपल्या मुलांना अवश्य सांगावा. डॉ. झाकिर हुसेन यांचा जन्म हैदराबादचा, १८९७ चा. दिल्लीच्या जामिया मिलियाची धुरा त्यांच्याकडे असताना, १ मार्च १९३५ रोजी ओखला येथे संस्थेच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवावयाची होती. अशा कामाला मोठा पाहुणा बोलवावयाचा असतो. जामियाने आपल्यातला सर्वांत लहान विद्यार्थी पुढे केला. त्याचे नाव अब्दुल अजीज. त्याच्या हातून पाया घातला गेला. शाळा कोणाची, हे सांगण्यासाठी त्या दिवशी भाषणाची गरज पडली नसेल.

अलीकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणात 'आईसब्रेकर' हा शब्द फार ऐकू येतो. बर्फ फोडणारा, म्हणजे ओळख करून देणारा खेळ. परभणीच्या जूनमध्ये बर्फ दिसतो तो रसवंतीवर किंवा गोळ्याच्या गाडीवर, तेव्हा आपल्याकडे हे नाव थोडे उपरेच; पण वस्तू उपरी नाही. इयत्ता पहिलीसाठी शाळाप्रवेशोत्सव होतो, फुले आणि पुस्तके दिली जातात, हे चांगलेच आहे. पाचवी, सहावी, आठवीत नव्या शाळेत येणाऱ्या मुलांसाठी मात्र बहुधा हजेरीपटच तेवढा उघडतो. आणि गळती येथेच लागते, मुलींची तर विशेष. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये दिलेल्या अहवालात ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलेलीच नाहीत किंवा गळालेली आहेत असे नोंदविले होते. ही आकडेवारी जुनी झाली, पण तिची आठवण ठेवून जूनची वाट पाहावी.

मी स्वतः वर्गावर असताना काही गोष्टी करून पाहिल्या. हजेरीच्या आधी प्रत्येकाने आपले नाव कोणी ठेवले ते सांगावयाचे. आत्याने, नानीने, कोणाचे दर्ग्याच्या उरुसात. नावाचा उच्चार मूल करील तोच मी पटावर पेन्सिलीने टिपून घेई. दुसरे, घरातील आणि वर्गातील वस्तूंची नावे दोन्ही भाषांत सांगावयाची. सारखी निघाली की फळ्यावर लिहावयाची. फळा भरून जातो, हे पाहून मुलांपेक्षा मीच जास्त चकित झालो होतो. एक गोष्ट मात्र मी चुकीची केली आणि नंतर सोडली. "वडील काय करतात?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नये. एखाद्याचे वडील ऊसतोडीला गेलेले असतात, एखाद्याचे नसतातच.

सर्वांत उपयोगी पडला तो खेळ माझा नव्हता, मुलांचाच होता. जून महिना, पहिला दिवस, पाऊस अजून यावयाचा होता. मी सगळ्यांना मैदानात लिंबाखाली गोल बसविले आणि मामाचे पत्र खेळू या म्हणालो. उर्दू शाळेतून आलेली चार-पाच मुले एकदम चमकली. त्यांच्यातला एक धीट म्हणाला, "सर, ये तो कोडा जमाल शाही है!" खरेच होते. गोलाबाहेरून एकाने धावावयाचे, कोणाच्या तरी मागे गुपचूप रुमाल टाकावयाचा, आणि त्याने उठून पाठलाग करावयाचा, खेळ एकच. फरक एवढाच की कोडा जमाल शाहीत रुमालाला पीळ देऊन गाठ मारतात आणि जो मागे वळून पाहील त्याच्या पाठीवर फटका बसतो. कोणाचा नियम खरा यावर वाद सुरू झाला. तासाभरापूर्वी ज्यांना एकमेकांची नावे ठाऊक नव्हती ती मुले आता हातवारे करून भांडत होती, अर्धे मराठीत, अर्धे दखनीत. मी त्यात एक नियम माझा घातला : ज्याच्यामागे रुमाल टाकला त्याचे नाव घेऊनच पळावयाचे, नाव चुकले तर डाव गेला.

शेवटी तडजोड झाली. एक डाव मामाच्या पत्राचा, एक कोड्याचा. कोड्याच्या डावात पहिला फटका वर्गातल्या सर्वांत दांडगट मुलाने खाल्ला, कारण त्यालाच मागे पाहिल्याशिवाय राहवेना. मधल्या सुट्टीची घंटा झाली, शिपाईमामांनी ती दोनदा वाजविली, तरी माझा रुमाल मला कोणी परत दिला नाही.