एकाच अंगणातल्या कोंबड्या

सह्याद्रीच्या पायथ्याचं, पाटण खोऱ्यातलं हे अंगण. कडेला उकिरडा, शेवग्याखाली खुराडं. तुमचे पाय इथेच राहतील, वर्षं तेवढी मागे सरकतील.

साल 2008. पायाशी धिप्पाड, रंगीत कोंबड्या दाणे टिपताहेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या संशोधन केंद्राची वनराज. दोन्ही परसात मोकळ्या हिंडून पोट भरतील अशा घडवलेल्या. एक उचला, दोन्ही हात लागतात. घरची सून सांगते, ‘‘गावरानापेक्षा दुप्पट अंडी देते, पण अंड्यांवर बसत नाही ही. पिल्लं दर वेळी उबवणी केंद्रातूनच आणायची.’’ वर घार फिरते. तांबडी गावरान केव्हाच कुंपणात शिरलेली असते. जड गिरिराज मात्र अजून अर्ध्या अंगणातच आहे.

मागे सरका. 1966. त्याच अंगणात शुभ्र लेगहॉर्न फिरते आहे. तुरा मोठा, लाल, एका डोळ्यावर कललेला. मूळची इटलीची, बारीक अंगाची, सदा बिचकलेली. तिच्यामागे गडद तांबडा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा, गावरान कोंबड्यांची वीण सुधारावी म्हणून आणलेला. खुराड्यात हात घाला. लेगहॉर्नचं अंडं पांढरं, ऱ्होड आयलंड रेड जातीच्या कोंबडीचं तपकिरी, दोन्ही गावरानाहून मोठी. लेगहॉर्न जवळजवळ खुडूकच होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. खुडूक कोंबडी काही आठवडे अंडी देत नाही, म्हणून अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खुडूक न होणाऱ्याच निवडल्या. अंडी वाढली, आईपण गेलं.

आणखी मागे. 1931, चैत्रातली दुपार. इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त वाण इथेच आहेत. सगळ्यांना ‘गावरान’ हे एकच नाव, पण दोघी एकसारख्या नाहीत. एकीची मान उघडीबोडकी. ऊन तापलं की तिच्या अंगातली उष्णता त्या उघड्या कातडीतून बाहेर पडते आणि ती इतरांइतक्या धापा टाकत नाही. दुसरीची पिसं उलटी वळलेली, वारा थेट अंगाला लागतो. तिसरीच्या डोक्यावर पिसांचा झुबका, चौथी आखूड पायांची. कोपऱ्यात दावं बांधलेला उंच, ताठ मानेचा असील, झुंजीसाठी राखलेला.

माजघराच्या अंधारात डालग्यात भुश्यावर एक करडी बसली आहे. तुम्ही हात पुढे करता तशी ती पिसं फुलवून गुरगुरते. ‘‘पावनं, हात नगा लावू, खुडूक हाय ती,’’ म्हातारी म्हणते. पोटाखाली अकरा अंडी. दिवसातून एकदाच ती दाण्यापाण्याला उठते, परत येऊन चोचीनं अंडी उलटीपालटी करते. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. मग ती त्यांना उकिरडा उकरायला आणि घारीची सावली ओळखायला शिकवते. यातल्या दोन तलंगा म्हातारी शेजारणीला अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर, देणार आहे. मीठमिरचीचा पैसा याच खुराड्यातून येतो, आणि तो बायकांच्या हातात राहतो.

पण पलीकडचं खुराडं रिकामं आहे. मानमोडी येऊन गेली. हिरवट हगवण, वाकडी झालेली मान, आणि आठवड्यात सगळं संपलं. कुमाऊंमधल्या गावावरून याच रोगाला राणीखेत म्हणतात. लस अजून यायची आहे. जी वाचते तिचीच अंडी म्हातारी बसवते. तिची निवड अशी, रोगानं आणि उन्हानं पारखलेली.

आणखी कितीतरी मागे सरका. आता अंगणही नाही. दाट रान. पालापाचोळ्यात खसखस होते आणि राखी रानकोंबडा समोर येतो. मानेच्या पिसांवर पिवळट, मेणासारखे ठिपके, आरव तुटक. तुमच्या कोंबड्यांचा मुख्य पूर्वज हा नव्हे, तो तांबडा रानकोंबडा. पण त्या तांबड्याचे पाय करडे असतात. पाळीव कोंबड्यांचे पिवळे पाय याच दक्षिणी रानातल्या राखी रानकोंबड्याकडून आले, असं 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुक-संशोधनातून दिसलं. जगभरच्या पिवळ्या पायांत आपलं रान आहे.

आजच्या अंगणात या. हल्ली घरोघर झाबुआचा कडकनाथ हवा असतो. तुरा, कातडी, मांस सगळं काळं. 2018 पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे. तो जरूर पाळा. पण कडकनाथ मादीही नीट बसत नाही. तिची अंडी खुडूक गावरानाखाली ठेवा, पिल्लं निघतील. गिरिराज पाळा, लेगहॉर्नही पाळा. फक्त सगळ्यांना एकाच कोंबड्यावर सोडू नका. गावरान कोंबडा आणि दोनचार बसणाऱ्या कोंबड्या वेगळ्या राखा. अंडी कमी देते म्हणून खुडूक होणारी विकून टाकली, तर पुढच्या पिल्लांसाठी दर वेळी उबवणी यंत्राच्या दारात उभं राहावं लागेल. जास्त अंडी देणारी जात विकत मिळते. या मातीत, या उन्हात टिकून स्वतःची पिल्लं वाढवणारी कोंबडी मात्र घरानंच सांभाळायची असते.