शंका विचारायला कोण जातं? बर्कलीची एक गोष्ट

आजचा एपिसोड छोटा आहे, पण माझ्यासाठी जरा जवळचा.

आमच्या कॉलेजात एका सरांच्या केबिनबाहेर पाटी होती, 'शंकानिरसन : दुपारी ४ ते ५'. चार वर्षांत मी एकदाही आत गेलो नाही. एक तर 'ढ' ठरायची भीती. आणि खरं सांगू का, नेमकं काय विचारायचं हेच कळायचं नाही. माझ्या रूममेटला बारावीला गणितात ९६ होते, तरी एम-थ्रीला तीनदा केटी लागली. आम्ही सगळे म्हणायचो, अभ्यासच करत नाही लेकाचा. खरं तर तो रोज रात्री रीडिंग रूममध्ये एकटा बसलेला असायचा.

आता गोष्ट अमेरिकेतली. १९७० चं दशक, बर्कली इथलं कॅलिफोर्निया विद्यापीठ. यूरी ट्रीसमन नावाचा तरुण तिथे गणित शिकत होता, शिकवतही होता. त्याला एक गोष्ट खटकत होती. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते. आणि ही काही कच्ची मुलं नव्हती हां! त्यातली बरीच आपापल्या शाळेत पहिली आलेली.

त्याने प्राध्यापकांना कारण विचारलं. उत्तरं ठरलेली : मुलांना आवड नाही, पाया कच्चा, घरी पैसा नाही, घरच्यांचा पाठिंबा नाही. ट्रीसमनने ठरवलं, आपणच जाऊन बघू. २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ती अभ्यास करतात तरी कशी, हे त्यांच्यासोबत राहून पाहिलं.

काय दिसलं? प्राध्यापकांची चारही कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं मेहनत घेत होती, आठवड्याला सुमारे ८ तास. सरांनी सांगितलेलं तेवढंच. पण २० पैकी १८ जण कायम एकटेच अभ्यास करायचे. गणित अडलं की वाटायचं, आपल्यालाच येत नाही.

चिनी वंशाची मुलंही आधी एकेकटी बसायची, पण नंतर एकत्र जमायची. उत्तरं ताडून बघायची, एकमेकांच्या चुका काढायची. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही, की कळायचं, गणितच अवघड आहे! मग ते घेऊन शिकवणाऱ्याकडे जायची. म्हणजे दार ठोठावताना हातात नेमका प्रश्न असायचा, आणि मनात लाज नसायची.

विद्यापीठात मदतीची सोय नव्हती असं नाही. पण ती 'कच्च्या मुलांसाठी' होती, आणि शाळेत पहिला आलेला मुलगा तिथे कशाला जाईल?

१९७८ मध्ये ट्रीसमनने वर्कशॉप सुरू केलं आणि सगळा मामला उलटा केला. बोलावणं असं की, तुम्ही हुशार आहात, म्हणून या. गणितं नेहमीपेक्षा अवघड दिली. मुलं गटात बसून डोकं लावायची, शिकवणारा मधून फिरायचा आणि अडेल तिथे थोडा धागा द्यायचा. वर्कशॉपमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या ग्रेड्स चांगल्याच वाढल्या, नापास होणं खूप कमी झालं. पुढे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांनी ही पद्धत उचलली. १९९२ मध्ये ट्रीसमनला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

बघा ना, मुलं तीच, कॅल्क्युलस तेच. बदललं काय, तर बोलावण्याची पद्धत आणि बसण्याची पद्धत.

आपल्याकडच्या सर-मॅडमना एवढंच म्हणेन की, पाटी लावून वाट बघू नका. तो तास केबिनमधून रिकाम्या वर्गात हलवा, फळ्यावर एक अवघड गणित लिहा, आणि टॉपर्सनाही बोलवा. म्हणजे आत जाणारा प्रत्येक जण 'ढ' ठरणार नाही.

आणि कॉलेजात असाल तर तुम्ही आजच करू शकता असं काही : तिघं-चौघं बसा, कुणालाच न सुटलेला एक प्रश्न निवडा, आणि मिळून सरांकडे जा.

माझ्या रूममेटचं एक वर्ष गेलं. तो एकटा बसायचा, आणि शेजारच्या कॉटवरून उठून त्याच्याजवळ जाऊन बसावं, हे मला कधी सुचलंच नाही. तुमच्या रीडिंग रूममध्ये असा कुणी दिसला, तर आज जाऊन विचारा, 'कितव्या गणितावर अडलायस?'

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!