पानांतलें संस्थान

संकेतस्थळांच्या पानांवर ज्यानें कांहीं काळ राज्य केलें, त्या फ्लॅश नांवाच्या साधनाचा इतिहास आज सांगावयाचा आहे. १९९६ सालीं तें जन्मास आलें आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्याच्या मालकांनींच त्याचा आधार काढून घेतला. आयुष्य अवघें चोवीस वर्षांचें. परंतु तेवढ्यांत वाचकाची जी गैरसोय झाली, ती नोंदून ठेवण्याजोगी आहे.

आरंभींचीं पानें म्हणजे मजकूर, थोडीं चित्रें आणि दुसऱ्या पानाकडे नेणारे दुवे. तीं दाखविणारा ब्राउझर वाचकाच्या हातीं ठराविक सोयी देई: मागें जाण्याचें बटण, अक्षर मोठें करणें, शब्द शोधणें, पानाचा पत्ता जपून ठेवणें. एका पानावर शिकलेली रीत सर्वत्र चाले, आणि नवशिक्यास मोठा आधार तोच होता. मात्र ध्वनि व चलत्‌चित्र यांची धड व्यवस्था ब्राउझरपाशीं नव्हती. म्हणून नेटस्केप कंपनीनें १९९६ सालच्या आपल्या दुसऱ्या आवृत्तींत पानावरचा एक चौकोन परक्या कार्यक्रमांच्या स्वाधीन करण्याची योजना केली. या परक्या कार्यक्रमांस प्लगइन म्हणत. रियलऑडिओ, शॉकवेव्ह, क्विकटाइम, असा प्रत्येक वाचकानें निराळा उतरवून घ्यावयाचा. फ्लॅश त्या सर्वांत बलवान ठरलें. तें प्रथम मॅक्रोमीडिया कंपनीच्या हातीं आलें, आणि २००५ सालीं ॲडोबीनें मॅक्रोमीडियाच विकत घेतली.

पूर्वीं दक्षिण महाराष्ट्रांत प्रवास करतांना मध्येंच एखाद्या संस्थानाची हद्द लागे, आणि तेथें इंग्रजी मुलखाचा कायदा चालत नसे. फ्लॅशचा चौकोन हें असेंच एक संस्थान होतें. मागें जाण्याचें बटण दाबावें, तर आंतली मागची पायरी न येतां वाचक संकेतस्थळाबाहेरच फेकला जाई. शब्द शोधावा तर सांपडत नसे, कारण ब्राउझरच्या लेखीं तेथें अक्षरें नव्हतींच. आंतला एखादा भाग मित्रास दाखवावा म्हटलें, तर सर्व भागांचा पत्ता एकच! रचनाकारानें मुद्दाम खटपट केली तरच यांतून सुटका होई, आणि अशी खटपट करणारे थोडे.

शिवाय वेळेचा खर्च. आपल्याकडे विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट लोकांस खुलें केलें. पुढें ५६ किलोबिटांचे मोडेम आले. परंतु तो पूर्ण वेगानें चालला तरी सेकंदास सात किलोबाइट एवढीच त्याची मजल. म्हणजे ४२० किलोबाइटांच्या प्रवेशदेखाव्यास पुरें एक मिनिट! दुकानाची वेळ पाहण्यास आलेल्या माणसानें उडतीं अक्षरें पाहत बसावें आणि टेलिफोनचें मीटर चालूं राहावें. पुष्कळ देखाव्यांवर ‘स्किप इंट्रो’ म्हणून बटण असे. वाचकास काय हवें आहे, हें करणाऱ्यासहि ठाऊक होतें, असेंच यावरून म्हणावें लागतें.

सर्वांत कठीण प्रसंग अंध वाचकावर आला. पानांतला मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारा कार्यक्रम त्याच्या संगणकावर असतो. त्याच्यापुढें फ्लॅशचा चौकोन म्हणजे कोरी भिंत होती. २००२ सालच्या सहाव्या आवृत्तींत कांहीं वाट काढली गेली, तीहि विंडोज संगणकांपुरती. त्यांतहि रचनाकारानें बटणांस नांवें दिलीं नसतील, तर ‘बटण, बटण, बटण’ एवढेंच कानीं पडे. डोळसांची गैरसोय ही त्रासाची गोष्ट. येथें मात्र दारच बंद होतें.

जेकब नील्सन या डॅनिश तज्ज्ञानें ऑक्टोबर २००० मध्यें फ्लॅशचा वापर शंभरांत नव्व्याण्णव भाग वाईट ठरविला. विशेष हें, कीं २००२ सालीं मॅक्रोमीडियानें त्याचेंच साह्य घेतलें. तरी फ्लॅशची बाजूहि सांगितली पाहिजे. यूट्यूबनें २००५ सालीं घरोघरीं चलत्‌चित्रें पोंचविलीं तीं फ्लॅशच्याच आधारें; त्या वेळीं दुसरा सर्वमान्य मार्ग नव्हता.

मोड झाला तो बोटानें चालणाऱ्या पडद्यांपुढें. फ्लॅशच्या अनेक पानांवर माउसचा बाण नुसता वर नेला कीं यादी उघडे. बोटाला असें अधांतरीं राहतां येत नाहीं. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनें एप्रिल २०१० च्या जाहीर पत्रांत हा आक्षेप मांडला. सुरक्षिततेचा आणि खासगी मालकीचा, हे इतर आक्षेप होतेच. २०११ सालीं ॲडोबीनें मोबाइलवरील काम थांबविलें. २०१४ सालीं एचटीएमएलची पांचवी आवृत्ति प्रमाण ठरून ध्वनि व चलत्‌चित्र हे पानाचेच घटक झाले, आणि संस्थान खालसा झालें.

परंतु त्या चौकोनांत हौशी तरुणांनीं केलेलीं व्यंगचित्रें आणि मुलांचे खेळहि होते. तेहि एकाएकीं अंधारांत गेले. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनें नोव्हेंबर २०२० पासून रफल नांवाच्या कार्यक्रमाच्या साह्यानें त्यांतले कांहीं पुन्हा चालते केले आहेत. आणि आतां ते पाहण्यास वाचकाला कोणतेंहि प्लगइन उतरवून घ्यावें लागत नाहीं.