लढाई एकीकडे, मेडल भलतीकडे

आज बोलूया दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या मेडल्सबद्दल. म्हणजे एखाद्या खलाशाच्या ट्रंकेत सापडणारे ते पिवळट धातूचे सहा टोकांचे तारे. ते बघितले की पहिला प्रश्न येतो, "आजोबांनी असं काय मोठं केलं होतं?" पण या मेडलला तो प्रश्न विचारून उपयोग नाही. का, ते एका लढाईतून बघू.

११ नोव्हेंबर १९४२. हिंदी महासागरात, कोकोस बेटांच्याही पलीकडे 'बेंगाल' नावाचं छोटं जहाज चाललंय. रॉयल इंडियन नेव्हीचं, ऑस्ट्रेलियात बांधलेलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेवेत आलेलं. सोबत 'ओंदिना' हा डच तेलवाहू टँकर. समोरून आली दोन जपानी जहाजं, होकोकु मारू आणि ऐकोकु मारू. प्रत्येकी दहा हजार टनांच्या आसपास, ५.५ इंची तोफा लावलेली. आणि बेंगालकडे मुख्य तोफ एकच, तीही छोटी, १२-पाउंडर.

तरी बेंगाल पळालं नाही. उलट टँकरला निसटायला वेळ मिळावा म्हणून सरळ अंगावर गेलं. ओंदिनानेही आपल्या एकुलत्या तोफेने मारा केला. होकोकु मारूला आग लागली, स्फोट झाला, बुडाली. ओंदिनाचा कप्तान मारला गेला, पण बेंगाल आणि ओंदिना दोन्ही वाचली. बेंगालवरच्या काहींना शौर्यपदकंही मिळाली.

बाकीच्यांचं काय? त्यांना मिळणार ती कॅम्पेन मेडल्स, आणि त्यांचे नियम एकदम कोरडे. '१९३९-४५ स्टार'साठी नौदलात साधारण सहा महिने युद्धक्षेत्रात जहाजावर हवेत. जखमी झाला किंवा मारला गेला तर सूट. आता हिशोब करा. ऑगस्ट ते नोव्हेंबर, तीन महिने. म्हणजे ज्या पोराचं बेंगाल हे पहिलंच जहाज, त्याची लढाईच्या दिवशी या स्टारची मुदत भरलेलीच नव्हती!

आणि 'बर्मा स्टार'? नौदलासाठी त्याची हद्द होती बंगालचा उपसागर. ही लढाई झाली तिथून खूप दक्षिणेला. म्हणजे त्या दिवसाच्या जोरावर बर्मा स्टार नाही. नंतर उपसागरात गस्त घातली, एकही गोळी झाडली नाही, तरी तो मिळू शकतो. मेडल मोजतं ते ठिकाण आणि दिवस. धाडस मोजायची पदकं वेगळी.

यात फसवणूक नाही बरं का. जहाजावर एकटा कोणी लढत नाही. इंजिनरूममध्ये घामाघूम झालेला माणूस शत्रूला बघतसुद्धा नाही, पण जहाज बुडालं तर तोही बुडतो. सगळ्यांना एकच मेडल, हे त्या अर्थाने बरोबरच. १९३९-४५ स्टारच्या रिबनवरही गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन सारखे पट्टे आहेत: नौदल, भूदल, हवाई दल.

आपल्याकडे हे महत्त्वाचं अशासाठी, की युद्धाआधी या नौदलात कोकणातले, खासकरून रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी बरेच होते. आणि या मेडल्सची मुदत संपते २ सप्टेंबर १९४५ ला. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, १८ फेब्रुवारी १९४६ ला, मुंबईत 'तलवार'वरच्या नाविकांनी संप पुकारला आणि त्याचं बंड झालं. निकृष्ट जेवण, अपमान, गोऱ्या आणि हिंदी नाविकांमधला भेदभाव, ही सगळी खदखद बाहेर पडली. त्यातल्या कितीतरी जणांनी युद्धात नोकरी केली होती. त्यांच्या स्टारवर यातलं अक्षरही नाही.

तेव्हा घरात असा तारा सापडला तर आधी रिबनचे रंग बघा, त्यावरून कुठला स्टार ते कळेल. मग घरातली जुनी कागदपत्रं शोधा: सर्व्हिस बुक, डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचे कागद. त्यात जहाजांची नावं आणि तारखा मिळाल्या की खरी गोष्ट सुरू होते. आणि आजी असेल तर आजच तिच्याशी बोला, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!